नखं, दात आणि गोदाबाई

नागोराव खिल्लारे यांच्या घरी रविवारी सकाळी चहाच्या आधी तपासणी व्हायची, हे चंदननगरच्या त्या सगळ्या गल्लीला माहीत होतं. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढे हातभर ओटा, आणि ओट्यावर चड्डी-बनियनमध्ये उभा असलेला अभिनव. त्यांचा एकुलता एक मुलगा. दोन्ही हात पुढे, बोटं ताठ. समोर लोखंडी खुर्चीवर नागोराव, हातात लाकडी फूटपट्टी. पट्टीच्या टोकानं एकेक बोट उचलून ते नखाखाली बघायचे. मग ‘आ कर’ म्हणायचे. मग कान, मग मान. शेजारची पोरं नाक ओढत हा प्रकार बघायची आणि असला बाप आपल्या वाट्याला आला नाही म्हणून मनातल्या मनात खूश व्हायची.

नागोराव हिंगोलीकडच्या एका खेड्यातले. त्यांच्या वस्तीतून दहावी पास झालेले ते पहिले. शाळेत असताना गुरुजींनी एकदा चारचौघांत म्हटलं होतं, “तुमच्या लोकांना पाणी दाखवायलाच वेगळा मास्तर नेमायला पाहिजे.” सगळा वर्ग हसला होता. बाकीचं बरंच विसरलं गेलं, ते हसू राहिलं. पुण्यात येऊन हडपसरच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागले, पुढे मशीनवर गेले, तरी कारखान्यातून सुटल्यावर साबणानं कोपरापर्यंत हात घासल्याशिवाय ते सायकलीला हात लावत नसत. बोलणंही त्यांनी घासूनपुसून घेतलं होतं. ‘हाय’चं ‘आहे’ केलं, ‘न्हाई’चं ‘नाही’ केलं. कुणी गावाकडचं माणूस आलं तरी ते पुस्तकातल्यासारखंच बोलत.

त्यांची बायको गोदाबाई शाळेच्या दारातही गेली नव्हती. ती ‘हाय’च म्हणत राहिली.

अभिनव चार वर्षांचा असताना त्याला कावीळ झाली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाणी उकळून द्या म्हणून सांगितलं. झालं, त्या दिवसापासून खिल्लाऱ्यांच्या घरात न उकळलेलं पाणी कुणाच्या ओठाला लागलं नाही. नियम नागोरावांनी केला, उकळलं गोदाबाईनं. नळ पहाटे यायचा. ती अंधारात रांगेत उभी राहायची, हंडे आणायची, रॉकेल पुरवून पुरवून स्टोवर पातेलं चढवायची, फडक्यानं गाळायची. शेजारणी हसायच्या. तीही हसायची.

“पाणी उकळू उकळू माझाच जीव उकळला बगा,” असं ती शेजारच्या वेणूबाईला म्हणे.

नागोरावांच्या कानावर हे गेलं की ते तिला समजावून सांगत. जंतू म्हणजे काय, ते डोळ्यांना का दिसत नाहीत, किती वेळ उकळी आली म्हणजे मरतात. गोदाबाई मान हलवायची. मग उठून पोराचे शाळेचे कपडे चोळायला घ्यायची. कॉलरची कड काळी राहिली तर रविवारी तिलाही ऐकून घ्यावं लागे.

घरात टूथपेस्टची ट्यूब एकच. ती अभिनवची. नागोराव कडुलिंबाची काडी वापरत, आणि गोदाबाई मिश्री लावायची. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची. ही सवय तिला लहानपणी आईकडूनच लागली होती. तव्यावर तंबाखू चढली की नागोरावांना ठसका यायचा.

“घरात नको. बाहेर जा,” एवढंच ते म्हणत.

मग ती घरामागे, गटाराच्या फरशीवर जाऊन बसायची. बोटानं मिश्री लावत, भिंतीला टेकून, बराच वेळ. पाहुणे यायचे असले की नागोराव आधीच बजावत, “आज लोकांसमोर काढू नकोस ते.” तीही काढत नसे.

अभिनव पाचवीत असताना शाळेत आरोग्य तपासणी झाली. पालकांना बोलावलं होतं. शंभर पोरांच्या तोंडात डोकावून कंटाळलेल्या डॉक्टरांनी अभिनवचे दात पाहिले आणि हातातली बॅटरी खाली ठेवली. “एकही कीड नाही,” ते नागोरावांकडे बघत म्हणाले. “घरात शिक्षण आहे, लगेच कळतं.”

नागोरावांनी हे वाक्य घरी आणलं आणि पुढे कितीतरी वर्षं पुरवून पुरवून वापरलं. कारखान्यात, वस्तीतल्या बैठकीत, विहारात, नातेवाइकांच्या लग्नात. “घरात शिक्षण असलं ना, की लेकराच्या दातांवरून कळतं.” गोदाबाई त्या दिवशी शाळेत त्यांच्या मागे उभी होती. तोंडाला पदर लावून. तिचे दात काळे पडले होते आणि ते डॉक्टरांना दिसू नयेत अशी तिची धडपड चालली होती.

अभिनव शिकला. वाघोलीच्या कॉलेजातून इंजिनिअर झाला. तोवर खराडीची ज्वारीची शेतं जाऊन तिथं काचेच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या. जिथं गोदाबाई एके काळी हरभऱ्याची भाजी खुडायला जायची, त्याच बाजूच्या एका इमारतीत, सातव्या मजल्यावर मुलाला नोकरी लागली. नागोराव सुट्टीच्या दिवशी सायकलवरून जाऊन ती इमारत बाहेरून बघून आले. मुलाला मात्र सांगितलं नाही.

सून नागपूरची. श्रद्धा. तिचे वडील सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, आई शाळेत शिक्षिका. ती स्वतः इंजिनिअर, वर एमबीए. नागोरावांना आकाश ठेंगणं झालं. नातीचा, पूर्वाचा जन्म झाला तेव्हा ते दवाखान्यातच व्याह्यांना म्हणाले, “मी दहावी, ही अंगठेबहाद्दर, तरी आमच्या मुलाला कधी साधा खोकला राहू दिला नाही. हिचे तर आई-बाप दोघंही इंजिनिअर. हे लेकरू कसं निघेल बघा.”

व्याही हसले. गोदाबाई बाळाचं टोपडं नीट करत होती.

नागोराव निवृत्त झाले आणि दोघं म्हातारा-म्हातारी वाघोलीच्या फ्लॅटवर नात सांभाळायला राहायला गेली. सुरुवातीला नागोरावांना सगळं मनासारखं वाटलं. स्वयंपाकघरात पाणी गाळायचं यंत्र, मोरीत तीन तऱ्हेचे साबण, बाळाच्या खोलीत हवा स्वच्छ करणारा डबा, दारात येणाऱ्याच्या हातावर पिचकारी मारायला बाटली. श्रद्धाच्या मोबाइलवर लस कधी, वजन किती, उंची किती, सगळं. पण हळूहळू त्यांच्या लक्षात यायला लागलं की घरात माहिती होती, माणसं नव्हती. श्रद्धा सकाळी निघायची आणि वाघोलीच्या चौकातल्या गर्दीत अडकून अंधार पडल्यावर यायची. अभिनवचं गिऱ्हाईक अमेरिकेत, त्यामुळे त्याचा दिवस संध्याकाळी उजाडायचा. पूर्वाला झोप यावी म्हणून तोंडात गोड दुधाची बाटली, ती जेवावी म्हणून समोर टॅब, रडू नये म्हणून हातात ज्यूसचा खोका. रात्री ब्रश करायची वेळ यायची तेव्हा श्रद्धा लॅपटॉपसमोर कानाला हेडफोन लावून बसलेली असायची. पूर्वा दोनदा “मम्मा” म्हणायची, श्रद्धा बोट वर करून थांब म्हणायची, आणि पोरगी तशीच सोफ्यावर झोपून जायची.

“आज राहू दे,” श्रद्धा नंतर म्हणायची. तिच्या डोळ्यांखाली काळं झालेलं असायचं. “उद्या करू.”

गोदाबाईला टॅब लावता येत नव्हता आणि गोष्टी सांगायला गेली तर पोरगी तिचं बोलणं ऐकून हसायची. शाळेत असं कुणी बोलत नव्हतं. श्रद्धानं एकदा हळूच सांगितलंही, “आई, तिच्याशी जरा शुद्ध बोला ना. ती तसंच शिकतेय.” त्यानंतर गोदाबाई नातीशी कमीच बोलायला लागली. मिश्री लावायलाही या घरात मागची बाजू नव्हती. ती खाली उतरून सोसायटीच्या भिंतीपलीकडे, ड्रायव्हर लोक बसत तिथं जाऊन बसायची.

शेवटी एका रविवारी नागोरावांनी तपासणी सुरू केली. पूर्वा साडेचार वर्षांची होती. तिच्या रंगपेटीतली प्लॅस्टिकची पट्टी त्यांनी घेतली, तिला हॉलमध्ये उभं केलं आणि हात पुढे करायला लावले. आधी तिला खेळ वाटला. मग पट्टी बोटाखाली आली, आजोबांचा आवाज चढला, आणि ती किंचाळून रडायला लागली.

श्रद्धा आतून धावत आली. पोरीला उचलून घेतलं.

“बाबा, असं नको. तिला ब्रशचीच भीती बसेल.”

“भीती बसली तरी चालेल. कीड बसायला नको. पुढचा दात बघितलास का तिचा?”

“बघितलाय. मी डॉक्टरांकडे नेणार आहे. वेळ मिळाला की.”

“वेळ,” नागोराव म्हणाले. “तुम्हाला एवढं शिकवलं ते वेळ नाही हे सांगायला का?”

अभिनव खोलीच्या दारात येऊन उभा होता. पहाटे झोपलेला, केस विस्कटलेले. श्रद्धा पोरीला घेऊन आत गेल्यावर तो समोर येऊन बसला. आवाज चढवणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

“बाबा, ती पट्टी ठेवा.”

“का? तुझ्यावर याच शिस्तीनं—”

“माझ्या स्वप्नात नखं यायची. इंजिनिअरिंगला होतो तोपर्यंत. आजही मीटिंगला बसलो की आधी टेबलाखाली नखं बघतो. समोरचा गोरा माणूस लांब अमेरिकेत स्क्रीनवर असतो, त्याला माझी नखं दिसतही नाहीत. तरी बघतो.”

“मग वाईट काय झालं? दात बघ तुझे.”

“दात चांगलेच आहेत,” अभिनव म्हणाला. “पण तुम्ही माझा हात कधी हातात घेतला नाहीत, बाबा. पट्टीनं बोटं उचलायचात. मला वाटायचं, माझा हात घाण आहे म्हणून तुम्ही धरत नाही.”

नागोरावांना गावची शाळा आठवली. गुरुजी ओळीनं नखं बघत जायचे. बाकीच्या मुलांचा हात ते आपल्या हातात घेत. वस्तीतल्या मुलांच्या ओळीशी आले की हात मागे जाई आणि पट्टी पुढे येई. ती पट्टी कुठल्या लाकडाची होती, तिच्यावरचे आकडे कुठं पुसले होते, सगळं त्यांना लख्ख आठवत होतं. आपण मुलासमोर तीच धरून बसत होतो हे मात्र इतक्या वर्षांत एकदाही ध्यानात आलं नव्हतं. मुलाला हे सांगावं असं वाटलं, पण सांगायला तोंड उघडलं तेव्हा तो उठून गेला होता.

त्यानंतर त्यांनी तपासणी बंद केली. पण मनातून सुटलं नाही. आपलं चुकलं असेल, तरी सुनेचंही चुकतंय, एवढा आधार त्यांनी घट्ट धरून ठेवला.

काही महिन्यांनी पूर्वा सकाळी उठली ती गाल सुजवूनच. अंगात ताप. श्रद्धानं ऑफिसला कळवलं, अभिनव झोपेतून उठून गाडी काढायला गेला, आणि पोरगी आजीला सोडेना म्हणून गोदाबाईही निघाली. मग नागोरावही निघाले. लहान मुलांचे दात बघणाऱ्या एक डॉक्टरीणबाई विमाननगरला होत्या. भिंतीवर ससे रंगवलेले, खुर्ची निळी, वर मोठा दिवा. तो दिवा पाहूनच पूर्वा आईच्या गळ्याला मिठी मारून बसली.

डॉक्टरीणबाईंनी लांबूनच जेवढं दिसलं तेवढं पाहिलं. “बरेच दात गेलेत,” त्या म्हणाल्या. “भूल देऊन करावं लागेल. रात्री बाटली असते का तोंडात? ब्रश कोण करून घेतं?”

श्रद्धानं अभिनवकडे पाहिलं, अभिनवनं जमिनीकडे.

कुणी बोलत नाही असं पाहून नागोराव बोलले. इतके महिने दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं. “मी सांगतो डॉक्टर. मी दहावी शिकलेला, कामगार माणूस. याच्या तोंडात लहानपणी एक कीड नव्हती. शाळेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरात शिक्षण आहे म्हणून. हे दोघं इंजिनिअर आहेत. आता तुम्हीच बघा.”

श्रद्धाचा चेहरा पांढरा पडला. पोरीच्या पाठीवरून तिचा हात फिरत होता तो तेवढा थांबला. खरं सांगायचं तर नागोरावांना त्या क्षणी बरं वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. त्यांना पोरीला खुर्चीत बसवायचं होतं. “पूर्वा,” त्या म्हणाल्या, “आपण आधी आजीचे दात मोजू या का? आजी बसतील, तू मला हा छोटा दिवा धरून दाखव.”

पूर्वानं मान वर केली. गोदाबाई गडबडली. “माझे कशाला? माझे घाण हायेत,” ती म्हणाली. पण नात बघत होती, म्हणून ती पदर सावरत निळ्या खुर्चीत चढून बसली.

“आ करा, आजी.”

गोदाबाईनं तोंड उघडलं. जेमतेम दोन बोटं जातील एवढंच.

“अजून उघडा.”

“एवढंच उघडतंय.”

डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी पूर्वाच्या हातातला दिवा घेतला, आरसा आत घातला, गाल बाजूला ओढला. बराच वेळ बघत राहिल्या. मग हातमोजे बदलून पुन्हा बघितलं.

“आजी, तिखट लागतं का तोंडात?”

“लागतं. दोन-तीन वरसं झाली. मी वरण-भातच खाते.”

“जखम कधीपासून आहे?”

“हाय की. जाते, येते.”

“घरात कुणाला सांगितलं नाहीत?”

गोदाबाईला प्रश्नच कळला नाही असं वाटलं. “कुणी इचारलं न्हाई,” ती साधेपणानं म्हणाली. तक्रार नव्हती त्यात.

“तंबाखू?”

“मिश्री लावते.”

“मी तिला सांगत होतो,” नागोराव पुढे होऊन म्हणाले. “पहिल्यापासून सांगत होतो. तिला विचारा.”

गोदाबाईनं खुर्चीतूनच मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. दिव्याच्या उजेडात तिचे डोळे बारीक झाले होते.

“बाहेर जाऊन लाव म्हणालात,” ती म्हणाली. “सोड कधी म्हणलात?”

पूर्वानं मग खुर्चीत बसून निमूट तोंड उघडलं. आजीचे दात मोजून झाले होते, आता तिची पाळी होती.

गालातला तुकडा काढून तपासायला पाठवला, त्याचा निकाल आला तो सगळ्यांना आधीच ठाऊक असल्यासारखा होता. फार पुढे गेलं होतं. शस्त्रक्रियेत गालाचा मोठा भाग आणि जबड्याचं हाड काढलं, मांडीची कातडी तिथं लावली. ज्या आठवड्यात आजीची शस्त्रक्रिया झाली त्याच आठवड्यात नातीलाही भूल देऊन तिचे दात काढले, बुजवले. घरातली दोन माणसं एकाच वेळी पातळ अन्नावर होती.

त्या काळात सगळं श्रद्धानं केलं. नागोरावांना हे कबूल करताना जड जात असे, पण घडलं ते असंच. तिनं बिनपगारी रजा काढली. नाकातल्या नळीतून अन्न कसं घालायचं, जखम कशी धुवायची, किती प्रथिनं द्यायची, सगळं वाचलं, विचारलं, शिकली आणि केलं. तिचे हात स्वच्छ होते आणि ते सासूच्या तोंडापाशी जाताना कचरत नव्हते. नागोराव दारात उभे राहून बघायचे. जवळ जायची त्यांना हिंमत होत नव्हती. जखमेच्या वासानं त्यांना ठसका यायचा, आणि ठसका आला की गोदाबाई डोळे उघडून त्यांच्याकडे बघायची.

एकदा ते सुनेला म्हणाले, “दवाखान्यात मी जे बोललो ते बोलायला नको होतं.”

श्रद्धा नळी धूत होती. “खरंच बोललात,” ती म्हणाली. “मला सगळं माहीत होतं, बाबा. कुठला दात कधी येतो तेसुद्धा पाठ होतं. केलं नाही.” मग जरा थांबून म्हणाली, “तुम्हाला तर जंतू कसे मरतात तेही माहीत होतं.”

ती नळी घेऊन आत गेली.

गोदाबाई पुढे सव्वा वर्ष जगली. तिचं बोलणं गेलं होतं. घशातून जो आवाज निघे त्यातलं ‘हाय’ आणि ‘न्हाई’ एवढंच कळायचं. पूर्वा तिच्याजवळ येत नव्हती, चेहऱ्याला घाबरत होती, आणि गोदाबाईही नात घरात असली की पदरानं अर्धं तोंड झाकून घ्यायची. ती गेली त्या दिवशी घरात माणसं मावत नव्हती. चंदननगरची सगळी गल्ली आली होती. भंतेजींनी वंदना घेतली. नागोरावांच्या कारखान्यातला एक जुना सहकारी गळ्यात पडून म्हणाला, “तुमच्यासारख्या स्वच्छ घरात असं कसं झालं हो?” त्यानं ते चांगल्या मनानं विचारलं होतं.

गोदाबाई गेल्यावर काही आठवड्यांतच कोरोना आला आणि सगळं जग हात धुवायला लागलं. श्रद्धा आणि अभिनव घरूनच काम करू लागले. दोघंही दिवसभर घरात, दोन खोल्यांची दारं बंद, आतून इंग्रजी बोलण्याचे आवाज. सासूच्या आजारपणानंतर काही महिने श्रद्धा रोज रात्री पूर्वाला समोर घेऊन बसायची, दात घासून द्यायची. मग पुन्हा कामाचा रेटा आला, पुन्हा “आज राहू दे” सुरू झालं. पूर्वाच्या मागच्या पक्क्या दाढेवर काळा ठिपका आला तो नागोरावांना ती हसताना दिसला. ते सुनेच्या दारापर्यंत गेले. आत मीटिंग चालू होती. ते परत फिरले आणि गॅलरीत जाऊन बसले. बोलायचा हक्क आपल्याला राहिला आहे का, याचा निकाल त्यांना लावता येत नव्हता. संध्याकाळी सांगितलं तेव्हा श्रद्धा म्हणाली, “हो, अपॉइंटमेंट घेते.” ती घेतलीही. ठिपका बुजवला. पुढच्या वर्षी दुसरा आला.

गाड्या नीट सुरू झाल्यावर नागोराव एकदा एकटेच चंदननगरला गेले. जुन्या खोल्या आता भाड्यानं दिल्या होत्या, त्या बघायचं निमित्त. खरं म्हणजे मनात दुसरंच होतं. गल्लीतल्या बायकांना मिश्रीचं सांगायचं. वेणूबाई अजून तिथंच होती. पाठीत वाकलेली, दारात बसून बोटानं हिरड्या चोळत होती.

“वेणूबाई, सोडा ते,” नागोराव उभ्याउभ्याच म्हणाले. “गोदाचं काय झालं ते पाहिलंत ना.”

वेणूबाईनं बाजूला थुंकून पदरानं तोंड पुसलं. “बसा की भाऊ. उभ्यानं कशाला बोलताव.”

ते बसले. त्यांनी सगळं समजावून सांगायला सुरुवात केली. तंबाखूनं आतली कातडी कशी जाते, तोंड उघडायचं कसं कमी होतं, पांढरा चट्टा दिसला की काय करायचं. नीट, मुद्देसूद, पुस्तकातल्या भाषेत. वेणूबाई ऐकत होती.

“गोदीला हे कवा सांगितलं व्हतं?” तिनं मध्येच विचारलं.

नागोराव थांबले.

“न्हाई, मी आपलं इचारते. ती मला म्हणायची, वेणू, पहाटं पाण्याला उभं ऱ्हायचं, मग उकळायचं, गाळायचं, कापडं चोळायची, येवढ्यात दिस निघतो. खाली बूड टेकायला सवड न्हाई. आन् बसले तर हे इचारतेत, काय करतीस. मिश्री लावते म्हणलं की मातर बाहेर जा म्हणतेत. मग मी बाहेर जाते आन् बसते.” वेणूबाई हसली, तिच्या तोंडात दोनच दात उरले होते. “तलप नसली तरी लावायची ती. बसायला मिळायचं म्हणून. आमी दोगी मागं फरशीवर बसायचो, घटकाभर. लई हसायची गोदी. तुमाला ठावं न्हाई, ती नकला करायची. तुमची बी करायची.”

“माझी?”

“व्हय. जंतू, जंतू म्हणून.”

आतून कुणीतरी नातसून बाहेर आली. वेणूबाई तिला म्हणाली, “भाऊला चहा टाक.” मग डबी उघडून तिनं पुन्हा बोटावर मिश्री घेतली. नागोरावांनी पाहिलं, पण या वेळी ते काही म्हणाले नाहीत.

चहा आला. पाणी उकळलेलं आहे का, कप कुठं धुतला, हे काहीही न विचारता त्यांनी तो घेतला. मग नगर रस्त्यावर येऊन वाघोलीच्या बसची वाट बघत उभे राहिले. बस भरून आली, तशीच गेली. दुसरीही भरलेलीच आली. तिच्यात ते चढले, आणि वाघोली येईपर्यंत दाराजवळच्या दांडीला धरून उभेच राहिले.